टेकडीखालची टेकडी

पडद्यावर एक टेकडी होती. ती समुद्राच्या तळावर होती, तिच्यावर सहाशे मीटर पाणी होतं आणि पाण्यावर बर्फ. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पण त्या टेकडीच्या बरोब्बर खाली, जमिनीच्या पोटात, आणखी एक टेकडी होती. डावीकडचा उतार तसाच, माथ्यावरचा खळगा तसाच, उजवीकडचे दोन उंचवटेही तसेच. फरक एकच. खालची टेकडी वरच्या टेकडीच्या दुप्पट उंच होती.

केतकी तांडेल, वय अकरा वर्षं चार महिने, त्या पडद्यासमोर हनुवटी टेकून बसली होती. तिच्या हातात एक कागद होता. त्यावर ‘मला हे समजलं’ एवढंच छापलेलं होतं आणि खाली सहीसाठी रेघ होती. रेघ कोरी होती. त्या कोऱ्या रेघेपायी एकतीस माणसं, चार यंत्रमानव आणि बारा हजार टनांचं ‘उत्तरा’ नावाचं जहाज उत्तर ध्रुवापासून सहाशे किलोमीटरवर बर्फात नुसतं उभं होतं.

हे कसं झालं ते आधी सांगायला हवं.

साल होतं २०७१. त्याच्या पंधरा वर्षं आधी एका मोठ्या मोहिमेनं समुद्रतळाला तीन महिने चुकीच्या जागी भोक पाडलं होतं. त्या जहाजावर बावीस तज्ज्ञ होते. आपल्याला नीट समजलेलं नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण बाकीच्या एकवीस जणांना समजलेलं असणार, अशीही प्रत्येकाची खात्री होती. त्यामुळे विचारलं कुणीच नाही. मग ध्रुवीय समुद्रांसाठी एक नियम झाला. प्रत्येक मोहिमेत बारा वर्षांखालचा एक ‘शंकेखोर’ असलाच पाहिजे. भोक का पाडायचं आणि कुठं पाडायचं, हे त्याला समजावून सांगायचं. त्याची सही झाल्याशिवाय यंत्राच्या बटणाला हात लावायचा नाही.

हा नियम करणाऱ्या समितीत डॉ. गजानन तांडेल होते आणि सगळ्यांत जोरात तेच बोलले होते. आता त्याच नियमानं त्यांना अडवलं होतं, आणि अडवणारी त्यांची सख्खी नात होती.

नातीला वशिल्यानं आणलं, असं मात्र कुणी म्हणू नये. शंकेखोर चिठ्ठ्या टाकून निवडतात. पहिली चिठ्ठी केतकीची निघाली तेव्हा लोक काय म्हणतील या भीतीनं आजोबांनी चिठ्ठ्या परत टाकायला लावल्या. दुसऱ्यांदा एका मुलाचं नाव निघालं, पण त्याला बोट लागते असं कळलं. त्याला एवढी लागायची, की बंदराचा फोटो पाहूनही त्याला मळमळत असे. तिसऱ्यांदा पुन्हा केतकीच निघाली. तेव्हा आजोबांनी हात टेकले.

डॉ. तांडेल हर्णैच्या कोळीवाड्यातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. सगळे नातेवाईक जाळी घेऊन समुद्रावर जात, हे एकटे वही घेऊन गेले आणि परत आले ते थेट प्राध्यापक होऊन. बर्फातल्या समुद्रावर ही त्यांची एकोणिसावी फेरी होती, आणि शेवटचीही. सत्त्याहत्तरावं वर्ष लागलं की बर्फात जायला परवानगी मिळत नाही आणि ते त्यांना डिसेंबरात लागणार होतं.

त्यांना हवा होता चिखल. साधासुधा नाही, पाच कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा पृथ्वी फार तापलेली होती. उत्तर ध्रुवाजवळ बर्फाचा पत्ता नव्हता. चहूबाजूंनी जमिनीनं वेढून सरोवरासारख्या झालेल्या या समुद्रावर गोड्या पाण्याचा थर साचला आणि त्यावर नखाएवढ्या पानांच्या तरंगत्या वनस्पती वाढल्या, इतक्या की मैलोन् मैल हिरवं व्हावं. त्यांनी हवेतला कार्बन पिऊन टाकला, मेल्यावर तो घेऊन त्या तळाशी गेल्या आणि पृथ्वी हळूहळू थंड व्हायला लागली, असं शास्त्रज्ञांना वाटतं. २०७१ मधल्या, पुन्हा तापलेल्या पृथ्वीला ही हकिगत नीट समजून घेण्याची गरज होती. ती लिहिलेली होती चिखलात. म्हणून भोक पाडायचं.

पण कुठं? ते सांगणारं चित्र पडद्यावर होतं.

सकाळी आठ वाजता आजोबांनी केतकीला समोर बसवलं. सकाळ म्हणायची ती घड्याळाप्रमाणे. बाहेर सूर्य गेले तीन आठवडे मावळलेलाच नव्हता. तो आकाशात कडेकडेनं गोल फिरत होता, घरचा रस्ता विसरल्यासारखा.

आजोबांनी सांगितलं की समुद्रतळाच्या आत बघता येत नाही, पण त्याला हाक मारता येते. हाक मारायला हवेची तोफ (खूप दाबून भरलेली हवा एका क्षणात पाण्यात सोडणारं नळकांडं) वापरायची. आवाज खाली जातो. तळावर आपटून त्यातला थोडा परत येतो. उरलेला जमिनीत शिरतो. आत मऊ गाळ संपून घट्ट वाळू लागली, वाळू संपून खडक लागला, की दर वेळी थोडाथोडा आवाज मागं फिरतो. वर बसून ही उत्तरं ऐकायची आणि कुठलं उत्तर किती वेळानं आलं ते लिहून ठेवायचं. जहाज पुढं नेत अशा हजारो हाका मारल्या की उत्तरांचे ठिपके शेजारीशेजारी लागून रेघा तयार होतात. ते झालं जमिनीच्या पोटाचं चित्र. याला म्हणतात भूकंपीय सर्वेक्षण (आवाजाच्या लाटांनी जमिनीच्या आतली पाहणी). भूकंप वगैरे काही होत नाही, नाव तेवढं भारदस्त आहे.

“मग उभ्या पट्टीवर मीटर का नाहीत? सेकंद का आहेत?” केतकीनं विचारलं.

आजोबा खूश झाले. चांगली शंका होती. “कारण आपण लांबी मोजतच नाही गो. वेळ मोजतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर पळतो. इथं उत्तर एका सेकंदानं आलं. जायला अर्धा, यायला अर्धा. मग पाणी किती खोल?”

“साडेसातशे मीटर.”

“आणि टेकडीच्या माथ्यावर उत्तर आलं शून्य पूर्णांक आठ सेकंदांनी. तिथं पाणी सहाशे मीटर.”

साध्या समुद्रात ऐकण्याचं काम सोपं असतं. जहाजामागं काही किलोमीटर लांबीची केबल ओढत न्यायची आणि तिच्यावर शेकडो हायड्रोफोन (पाण्यातला आवाज टिपणारे कान) बसवायचे. बर्फात असं केलं तर बर्फाच्या कडा त्या केबलचे तुकडे करून ठेवतात, कात्रीनं सुतळी कापावी तसे. म्हणून ‘उत्तरा’च्या पोटात एक विहीर होती. जहाजाच्या आतूनच खाली उघडणारी. तिच्यातून तोफ आणि एक जाड, आखूड केबल बर्फाच्या खाली सोडत. वरून बर्फ फोडत जायचं आणि खालून कान देत जायचं, असा सगळा प्रकार. बर्फ फुटतानाचा आवाज इतका असे, की जेवताना मीठ मागायचं तर चिठ्ठी लिहून द्यावी लागे.

“आता ही खालची रेघ बघ,” आजोबा म्हणाले. “दोन सेकंदांवर. किती ठळक, किती सलग. हा त्या जुन्या सरोवराचा टणक तळ. गाळात आवाज पाण्यापेक्षा जोरात पळतो, म्हणून हा समुद्रतळाखाली नऊशे मीटरवर आहे. एकोणीस फेऱ्यांत अशी रेघ मी पाहिली नाही. इथं भोक पाडायचं. कर सही.”

रेघेला जहाजावर सगळे ‘तांडेल थर’ म्हणायला लागले होते. आजोबांनी त्याला एकदाही विरोध केलेला नव्हता.

आणि इथं केतकी अडली. खालची टेकडी वरच्या टेकडीसारखी का, हे तिला कळेना. आजोबांनी सांगितलं की गाळ पावसासारखा सावकाश बसत जातो. खाली उंचवटा असेल तर वरही उंचवटाच येतो. गादीवर उशी ठेवून वर चादर घातली तर चादरीलाही फुगवटा येतो की नाही?

“येतो. पण चादरीचा फुगवटा उशीएवढाच किंवा कमी असतो. इथं खालचा बरोब्बर दुप्पट आहे. आणि माथ्यावरचा खळगापण दुप्पट. मी पट्टीनं मोजलं. सात ठिकाणी.”

“योगायोग असेल.”

“सात वेळा?”

आजोबांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

एवढ्यात कॅप्टन फिलोमिना तुस्कानो आत आल्या. त्या वसईच्या. बोलणं मोजकं. त्यांनी सांगितलं की वारा फिरणार आहे. चौदा तासांनी बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढायला लागतील आणि त्याआधी जहाज बाहेर काढावं लागेल. नऊशे मीटरचं भोक पाडायला बारा तास. म्हणजे दोन तासांत काय ते ठरवा. एवढं सांगून त्या गेल्या. जाताना केतकीच्या हातातल्या कागदाकडं बघून गेल्या.

ती नजर केतकीला लागली. आजोबांची ही शेवटची फेरी होती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. रेघेवर नाव लिहिलं की झालं. आडनाव तर दोघांचं एकच, तांडेल. तिनं पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं आणि परत ठेवलं.

“आजोबा, मला सही करायचीय. पण मला समजलेलं नाही.”

आजोबांनी टेबलावरचं पेन उचलून बाजूला ठेवलं. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं. मग ते म्हणाले की ठीक आहे, आणखी एकदा हाक मारू. या वेळी यंत्राला जास्त वेळ ऐकू दे. आजवर ते अडीच सेकंदांनी ऐकणं बंद करत होतं, कारण त्याच्या पुढचं त्यांना नको होतं.

पण बर्फातल्या समुद्रात मनात आलं आणि तोफ उडवली असं चालत नाही. आधी तासभर पाहायचं, जवळपास देवमासा किंवा सील आहे का. त्यांना ऐकून जगायचं असतं. कानाशी अचानक तोफ उडाली तर त्यांचं जगणंच बिघडतं. कुणी नसेल तरच सुरुवात, तीही अगदी छोट्या आवाजानं, हळूहळू वाढवत, म्हणजे कुणी नजरेतून सुटलं असेल तर त्याला दूर जायला वेळ मिळतो. हे पाहण्याचं काम डेकवर बसलेल्या एका पिवळ्या यंत्रमानवाकडं होतं. त्याला सगळे हवालदार म्हणत. त्याला लाच चालत नसे आणि विनोद समजत नसे.

बावन्न मिनिटं झाली. हवालदाराची मान डावीकडं वळली.

“निदर्शनास आणून देण्यात येते की, आग्नेयेस नऊशे मीटरवर एक देवमासा आहे. तोफ बंद. मिनिटांची मोजणी शून्यापासून.”

कॅप्टनबाईंनी कपाळाला हात लावला. आजोबांनी विचारलं, किती वेळ थांबेल. हवालदारानं उत्तर दिलं की तशी विचारणा देवमाशाकडं करण्याची सोय नाही.

सगळे कठड्यापाशी गेले. पुढच्या पातळ बर्फाला खालून फुगवटा आला. तो वाढला, तडकला आणि त्यातून एक काळं, प्रचंड डोकं वर आलं, बर्फाची ढेकळं अंगावरून ओघळत. मग वाफेचे दोन फवारे उडाले आणि थोड्या वेळानं त्यांचा आवाज पोचला, एखाद्या मोठ्या घरानं श्वास सोडावा तसा. या जातीचे देवमासे जन्मभर बर्फाजवळच राहतात. श्वास घ्यायचा तर डोक्यानं छप्पर फोडून घेतात.

हवालदारानं पाठीवरच्या वणांवरून जुन्या नोंदी ताडून पाहिल्या आणि जाहीर केलं की मादी आहे, वय अंदाजे एकशे नव्वद वर्षे.

केतकीनं मनात वजाबाकी केली. अठराशे एक्क्याऐंशी. मग तिनं पुन्हा केली, कारण उत्तर खरं वाटेना. हर्णैला विजेचा पहिला दिवा लागला तेव्हा हा प्राणी म्हातारा व्हायच्या वयाचा होता, आणि अजून समोर श्वास घेत होता. स्वयंपाकघरातला मुलगा डाळ ढवळायचा डाव हातात तसाच धरून उभा होता.

“बाई वयानं मोठ्या आहेत,” आजोबा हळूच म्हणाले. “थांबायलाच पाहिजे.”

तोफ उडवायची नाही, पण ऐकायला बंदी नव्हती. बाई खाली गेल्यावर आजोबा आणि केतकी परत आत आले आणि दोघांनी हेडफोन चढवले. केबलवरचे कान चालूच होते. सुरुवातीला नुसता बर्फ ऐकू आला. कुरकुर, किर्र, मधेच सुरीला धार लावल्यासारखं काहीतरी. मग बाईंची एक छोटी, ठसठशीत हाक आली. दारावर एकदाच थाप मारावी तशी.

ढुम्.

एका सेकंदानं तीच थाप परत आली, जरा हलकी. हे समुद्रतळाचं उत्तर. आणखी एका सेकंदानं पुन्हा आली, आणखी हलकी. दोन सेकंद. पडद्यावरची खालची रेघ नेमकी तिथंच होती. आजोबांनी नातीकडं बघून भुवया उंचावल्या. त्यांचा थर बोलला होता.

केतकी मात्र डोळे मिटून ऐकतच राहिली. यंत्र अडीच सेकंदांनी थांबत असे. तिचा कान थांबला नाही.

तीन सेकंद. ढुम्, फार लांबून. चार सेकंद. होती की नव्हती अशी.

पुढच्या हाकेला तिनं टेबलावर बोटानं ठेका धरला. एक, दोन, तीन, चार. त्याच्या पुढच्या हाकेलाही. एकसारखं अंतर, दर वेळी थोडं हलकं.

“आजोबा, खाली असे चार थर आहेत का? सगळे अगदी सारख्या अंतरावर?”

आजोबांचंही बोट टेबलावर ठेका धरत होतं आणि ते मधेच थांबलं.

“निसर्ग इतका टापटिपीचा नसतो,” ते शेवटी म्हणाले.

“मग हा एकच आवाज आहे. तो नुसता उड्या मारतोय. रबरी चेंडूसारखा. खाली गेला, तळावर आपटून वर आला, मग वर कशावर तरी आपटून परत खाली गेला. दुसरी खेप झाली की दोन सेकंद. तिसरी झाली की तीन. मग जिथं तळ एका सेकंदावर, तिथं दुसरी खेप दोनवर. जिथं टेकडीचा माथा शून्य पूर्णांक आठवर, तिथं दुसरी खेप एक पूर्णांक सहावर. खरी टेकडी शून्य पूर्णांक दोन उंच, खालची शून्य पूर्णांक चार. म्हणून दुप्पट.” तिला दम लागला. “खाली दुसरी टेकडी नाहीच. तीच टेकडी आपण दोनदा ऐकतोय.”

हे आजोबांना माहीत नव्हतं असं नाही. उलट चाळीस वर्षं त्यांनी विद्यार्थ्यांना हेच शिकवलं होतं. अशा उत्तराला पुनरावर्तित प्रतिध्वनी (आपटून पुन्हापुन्हा येणारा तोच आवाज) म्हणतात आणि या धंद्यातली माणसं त्याला सरळ भूत म्हणतात. भूत पुसून टाकणारा प्रोग्रॅमही त्यांच्याकडं होता. तो त्यांनी स्वतः बंद ठेवला होता, कारण भुताबरोबर तो कधीकधी खरी, क्षीण उत्तरंही पुसून टाकतो, आणि बर्फाखाली भूत होत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पंचेचाळीस वर्षं त्यांनी जो बर्फ पाहिला, तो खालच्या बाजूनं ओबडधोबड असे. पंधरापंधरा मीटरचे सुळके खाली लोंबत. त्यावर आवाज आपटला की चहूकडं फुटून विखुरला जाई. परत खाली जायला काही उरतच नसे.

ते उठून खिडकीपाशी गेले. बाहेर बर्फ क्षितिजापर्यंत पसरला होता. गेल्या हिवाळ्यात धरलेला, पातळ, फरशीसारखा सपाट. खालूनही तसाच सपाट. वर गेलेला आवाज त्याच्यावरून आरशातल्या उजेडासारखा परत फिरत होता.

“मी जुन्या बर्फाचा माणूस,” आजोबा म्हणाले. “हा नवा बर्फ मी बघितला, पण त्याला विचारलंच नाही.”

तेवढ्यात केतकीच्या हेडफोनमध्ये काहीतरी बदललं. तिनं घाईनं दुसरा हेडफोन आजोबांच्या कानाला लावला.

म्हाताऱ्या बाई आता जहाजापासून दूर निघाल्या होत्या. वायव्येला जुन्या बर्फाचा एक मोठा तुकडा तरंगत होता. निळसर, उंचसखल, कित्येक हिवाळ्यांचा, कुठून कुठून वाहत आलेला, आपल्या जातीतला बहुधा शेवटच्यांपैकी. बाई त्याच्याखाली शिरल्या आणि तिथून त्यांनी हाक मारली. ढुम्. एका सेकंदानं समुद्रतळानं उत्तर दिलं.

मग दोन सेकंद झाले. काही नाही. तीन सेकंद. काही नाही.

पुन्हा हाक, पुन्हा एकच उत्तर, आणि मग खोल, काळी शांतता. पृथ्वीच्या माथ्यावर, अर्धा मैल पाण्याच्या वर बसून दोघं ती शांतता ऐकत राहिले. एकशे नव्वद वर्षांचा एक जीव जुन्या बर्फाखाली फक्त आपल्यापुरतं काहीतरी म्हणत होता आणि त्यात आपली शंका फिटत होती. त्याला याचा पत्ताही नव्हता.

आजोबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, तोही जपून, जणू बाईंना ऐकू जाईल. मग त्यांनी भूत पुसणारा प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावरची ठळक रेघ फिकट होत गेली. ‘तांडेल थर’ नाहीसा व्हायला एकंदर चाळीस सेकंद लागले.

कॅप्टनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की अकरा तास उरलेत. बारा तासांचं भोक आता कुठंच पाडता येणार नाही. हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. आजोबांनी मान हलवली. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तिनं पडद्याकडं तोंड फिरवलं. त्यामुळे ते पहिल्यांदा तिलाच दिसलं.

समोर गाडीचा दिवा असला की मागं उभा असलेला माणूस दिसत नाही. दिवा विझला की दिसतो. भूत गेलं तसं त्याच्या मागून काहीतरी वर येत होतं. फार पुसट, पेन्सिलीनं काढून खोडल्यासारखं. एक रेघ, तिच्याखाली दुसरी, मग आणखी. सगळ्या मिळून एक उथळ, अफाट परडी. मधे खोल, कडांना वर वर येत गेलेली. ती वरच्या टेकडीसारखी मुळीच नव्हती. ती कशासारखीच नव्हती. पाच कोटी वर्षांपूर्वी तिथं जे होतं, तेवढं फक्त होतं.

“आजोबा, या रेघा इकडं पूर्वेला वर येतात. इथं तर तळाच्या अगदी जवळ आहेत.”

आजोबांनी नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकून पाहिलं. तिथं त्या रेघा समुद्रतळाखाली जेमतेम दीडशे मीटरवर होत्या. मधल्या खोल भागात जायची गरजच नव्हती. सरोवराच्या काठावरच त्याचा गाळ वर आलेला होता. जहाजापासून ती जागा होती नऊ किलोमीटर. जायला दोन तास, भोकाला सहा.

“फिलोमिनाबाई,” आजोबा म्हणाले. एवढंच. त्या तोवर वरच्या मजल्यावर पोचल्याही होत्या आणि इंजिन घुमायला लागलं होतं.

सही लगेच झाली असं समजू नका. केतकीनं वाटेत आणखी पाच शंका विचारल्या. या रेघा भूत नाहीत कशावरून? त्यांचे आकार तळाच्या आकाराच्या दुप्पट आहेत का? नाहीत. त्या दुप्पट वेळेवर आहेत का? नाहीत. आजोबांनी प्रत्येक उत्तर दोनदा तपासून दिलं. मग तिनं ‘मला हे समजलं’ या शब्दांखाली वळणदार अक्षरात नाव लिहिलं.

वारा फिरायला अजून सव्वा तास होता तेव्हा जहाजाच्या पोटातल्या विहिरीतून लांब नळी वर आली. ती उभी चिरली. आत काळपट हिरव्या चिखलाची सरळ कांडी होती आणि तिच्यावर केसाएवढ्या बारीक आडव्या रेघा होत्या, एकीखाली एक, मोजता येणार नाहीत इतक्या. आजोबांनी त्यातला मोहरीएवढा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, पाहिलं आणि खुर्ची केतकीला दिली. भिंगात गोल गोल दाणे दिसत होते. तरंगणाऱ्या त्या वनस्पतीचे बीजकण (ज्यांतून नवं रोप उगवतं असे सूक्ष्म दाणे). पाच कोटी वर्षांपूर्वी एका उबदार दिवशी पाण्यात पडलेले, आणि तेव्हापासून कुणीही न पाहिलेले.

केतकीनं बराच वेळ डोळा हलवला नाही. जहाजाभोवतीचा बर्फ कण्हत होता.

मग ती कांडीपाशी आली. आजोबा म्हणाले की यातली एकेक रेघ बहुतेक एकेका वर्षाची आहे, घरी गेल्यावर नीट तपासू. तिनं आपली करंगळी रेघांशेजारी आडवी ठेवली. तिच्या नखाच्या उंचीत आजोबांचं सगळं आयुष्य मावत होतं आणि वर थोडी जागा उरत होती.

“म्हणजे आपलापण थर होणार?”

“होणार. आत्ताही बसतोय. बाहेर, सगळीकडं.”

“आणि खूप वर्षांनी कुणीतरी वरून हाक मारणार?”

“मारेल गो. कोण असेल ते माहीत नाही, पण मारेल.”

केतकीनं बोट उचललं. चिखलावर तिचा ठसा उमटला नव्हता, तिनं तेवढं जपलं होतं. ती म्हणाली की मग आपल्या थरात काय काय जाईल ते आत्ताच ठरवायला पाहिजे.

आजोबांनी कपाटातून कोरी वही काढली आणि तिच्यापुढं ठेवली.